धुऊन वापरायचा फिल्टर

धाकट्या भावानं व्हॅन घेतली, तेव्हा त्याच्याहून जास्त हुरूप मिस्त्रीला आला होता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काढल्यावर घरातली अशी ही पहिलीच गाडी. धाकट्याला काम मिळालं होतं दगडखाणीवरच्या कामगारांची ने-आण करण्याचं. सकाळी पोचवायचे, संध्याकाळी आणायचे. निम्मा रस्ता डांबरी आणि निम्मा नुसता फुफाटा.

“फिल्टर मी देणार,” मिस्त्रीनं जाहीर करून टाकलं. “माझ्याकडून भेट.”

स्पेअर पार्टच्या दुकानात त्यानं धुऊन वापरायचा सुती एअर फिल्टर मागितला. जाळीत घड्या घातलेलं कापड असलेला, लाल तेल लावून बसवायचा. तरुणपणी घाटातल्या शर्यतींत पळवलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला त्यानं तोच लावला होता. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी कशी खुलून श्वास घ्यायची, हे तो अजूनही कुणीही न विचारता सांगायचा.

दुकानाच्या मालकीणबाईंनी खोका काढला खरा, पण हातातून सोडेनात. “मिस्त्री, गाडी जाणार कुठं?”

“खाणीवर. का हो ताई?”

“मग कागदीच न्या. हा शर्यतीला ठीक. खाणीवरची ती बारीक भुकटी हा अडवतो की आत सोडतो, कोण बघायला गेलंय! कागदी मळला की फेकायचा, नवा घालायचा. इंजिनाला घोर नाही.”

“ताई, तुम्ही फिल्टर विकता, मी इंजिनं उघडतो,” मिस्त्री हसत म्हणाला. पण ते हसणं वरवरचं होतं. भर दुकानात बाईनं आपल्याला शहाणपण शिकवावं हे त्याला झोंबलं होतं. कागदी घ्यायचं मनात आलं असतं, तरी आता तो घेणार नव्हता.

धाकटा मात्र हरखून गेला. दादानं दिलेली वस्तू म्हणून तो फिल्टरला तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. दर पंधरा दिवसांनी पायरीवर बसून टबात धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग थेंब थेंब तेल सोडायचा. घरातला चांगला टॉवेल त्यापायी लाल झाला. “माझ्या साडीला कधी एवढं जपून हात लावला नाही,” असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि तो लाजायचा.

आठेक महिन्यांनी धाकटा गॅरेजवर आला. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं हळूच बोट पुढं केलं. बोटावर राखाडी पीठ होतं, तेलकट.

“दादा, फिल्टरच्या पुढच्या नळीत हे लागलं. इंजिनाच्या बाजूला. असं असतं का?”

नसतं. फिल्टरच्या पुढं कणभरही धूळ नसते. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती, आणि त्यातल्या एकाला त्यानं कालच हाच फिल्टर गळ्यात मारला होता.

“तू तेल कमी लावतोस,” तो म्हणाला. “नीट वाळायच्या आधी बसवत असशील. हात आखडू नकोस, भरपूर लाव.”

“बरं,” धाकटा म्हणाला आणि गेला.

त्यानं भरपूर तेल लावलं. मग ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसलं आणि गाडी चढावर गचके खाऊ लागली. मिस्त्रीनं सेन्सर पुसून दिला. फिल्टर बदल म्हणाला नाही. सेन्सर पुसायला पाच मिनिटं लागली होती. कागदी फिल्टर बसवायला त्याहून कमी लागली असती.

दीड वर्ष होतं न होतं तोच व्हॅन निळा धूर ओकू लागली. इंजिन उघडलं तेव्हा धाकटा शेजारीच उभा होता, हातात टॉर्च धरून. सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे होते. बारीक आणि सरळ, कुणी पॉलिश पेपर फिरवावा तसे. पिस्टनच्या रिंगा झिजून पातळ झालेल्या. हे धुळीचं काम होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून नुसतं बोटानं चाचपलं असतं, तरी मिस्त्रीला कळलं असतं.

“गाडी रेटलीस तू,” तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. “माणसं कोंबून चढावर दामटायची आणि खालचा गिअर टाकायचा नाही. दुसरं काय होणार?”

टॉर्चचा उजेड जराही हलला नाही. धाकटा म्हणाला, “चुकलं असेल माझं.”

महिन्याभरानं त्यानं व्हॅन भंगाराच्या भावात विकून टाकली आणि लांबच्या एका धरणाच्या बांधकामावर डंपर चालवायची नोकरी धरली. दीड-दोन महिन्यांनी एकदा घरी यायचा. त्याची मुलगी सायकल शिकली, ती काकाच्या हाताखाली. ती पहिल्यांदा आधाराशिवाय गेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मात्र मान वळवून चपलेचा पट्टा नीट करत बसला.

इंजिन उघडलं त्या दिवसानंतर मिस्त्रीनं धुळीच्या रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला तो फिल्टर बसवला नाही. कागदी घ्यायला तो मालकीणबाईंच्याच दुकानात जायचा. त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं.

तिसऱ्या वर्षी बायकोनंच त्याला धाकट्याकडं पाठवलं. “अहो, काय आहे ते एकदा भाऊजींपाशी बोलून या,” ती म्हणाली. “घास तरी धड उतरेल तुमच्या घशाखाली.”

बांधकामावर दुपारची सुट्टी होती. धाकटा डंपरच्या सावलीत डबा उघडून बसला होता. मिस्त्रीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. “व्हॅन तुझ्यामुळं गेली नाही. फिल्टरनं गेली. मला तेव्हाच कळलं होतं.”

“मलाही कळलं होतं,” धाकटा म्हणाला. “टॉर्च माझ्याच हातात होता ना.”

मिस्त्री खाली बसला. “मग बोलला का नाहीस?”

“वाटलं, दादा आहे, आज नाही तर उद्या बोलेल. महिनाभर वाट बघितली तुझी. मग इथं आलो.” त्यानं डब्यातली अर्धी पोळी पुढं केली. “घे, जेव.”

“परत ये,” मिस्त्री काकुळतीला आला. “गॅरेज दोघांचं करू. नाहीतर दुसरी गाडी बघू.”

“आता नको. इथं बस्तान बसलंय माझं.” रागाचा लवलेशही नव्हता. राग असता तर मिस्त्रीला तो खाली मान घालून झेलता आला असता.

सुट्टी संपली. धाकट्यानं डबा बंद केला, “वहिनीला विचारलं म्हणून सांग,” म्हणाला आणि डंपरवर चढला.

मिस्त्री मागून आणलेल्या गाडीत येऊन बसला, पण किल्ली फिरवायला हात होईना. बोललं की ओझं उतरेल, या आशेनं तो इतक्या लांब आला होता. आता तो महिना त्याच्या डोळ्यापुढून हलेना. त्या महिन्यात धाकटा चार-पाचदा गॅरेजवर आला होता. काम नसताना. बाकावर बसायचा, चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि उठून जायचा. बिचाऱ्याचा वेळ जात नसेल, असं मिस्त्रीला वाटलं होतं.