कॉलेजचं तोंड स्टेशनाकडे

आमच्या सासऱ्यांचं शेत झाशी शहर आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधोमध होतं. वाटणीत शहराकडचा तुकडा मला आला, स्टेशनाकडचा धाकट्या जावेला, बकुळाला. तेव्हा तिकडे होतं काय, दगडगोटे आणि कोळशाचा धूर. बकुळा कितीतरी दिवस तोंड पाडून फिरली. मला ते पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढे रेल्वेचा कारखाना वाढला, साहेबांचे बंगले झाले, रुंद सडक झाली. तिच्या दगडगोट्यांना भाव आला. तिच्या नवऱ्याला, यज्ञेश्वर भावोजींना, रेल्वेच्या हापिसात बढती मिळाली आणि बाई टांग्यातून बडा बाजारात यायला लागल्या. मी आपली पायी. टांगा माझ्याशेजारी थांबवून विचारायची, "जाऊबाई, बसता का?"

"मला अजून पाय आहेत," मी म्हणायची.

मग गावाने कॉलेज काढायचं ठरवलं. कमिटीचे मुखिया ठाकूर जयसिंगजी दोघींच्या दारी आले. दोन्ही तुकडे दान मिळाले तरच इमारत, मैदान, वसतिगृह सगळं बसणार होतं. बकुळा म्हणाली, विचार करून सांगते. मी म्हटलं, करू दे हिला विचार, पहिलं दान थोरलीचं म्हणून गावात नाव आपलं होऊ दे. लगेच येत्या पौर्णिमेला गुरुजी बोलावले, कमिटीला पाटावर बसवलं आणि तुळशीपत्र ठेवून जयसिंगजींच्या हातावर उदक सोडलं. मागच्या विहिरीची चिंचोळी पट्टी तेवढी राखली. पाणी सुटलं की वस्तू आपली राहत नाही, तिच्यावर मागाहून अट घालायची नाही, हे आमच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक. बकुळा त्या दिवशी लाडू वळायला आली होती. वळले, जेवली, गोड बोलली आणि गेली. दान दिलं नाही.

पावसाळा सरल्यावर कानपूरहून इंजिनियर केशवराव आले. त्यांनी आमच्या ओसरीवर नकाशा पसरला. मला अक्षरं बेताचीच लागतात, पण आपलं शेत ओळखू येतं. माझ्या तुकड्यावर मोठी इमारत काढली होती, वर मनोरा. माझी छाती फुगली. मग विचारलं, "आत शिरायचं कुठून?"

"स्टेशनाकडून, आईसाहेब. मुलं गाडीने येणार, कोणी मोठ नावाच्या गावाहून, कोणी कानपूरकडून. शहरही आता त्याच अंगाला वाढतंय."

"आणि आमच्या बाजूला काय?"

"भिंत."

"म्हणजे माझ्याच जमिनीवर बसून कॉलेज मला पाठ दाखवणार."

केशवराव नकाशाची सुरळी करायला लागले. जयसिंगजी हळूच म्हणाले, "माताजी, छोटी बहूजी की यही शर्त थी. फाटक उनकी तरफ़ हो, तभी ज़मीन देंगी."

तिने आधी अट घातली, मग पाणी सोडलं. मी आधी पाणी सोडून बसले होते.

फाटक उभं राहिलं, दगडी, कमानीवर भावोजींचं नाव. गुडघे दुखतात असा निरोप धाडून मी उद्घाटनाला गेले नाही. त्या दिवशी घरात कोणी गोड केलं नाही. मी करू दिलं नाही.

पण शहरातली पोरं काही टांग्याने फिरणारी नव्हती. फाटक गाठायला त्यांना अख्ख्या भिंतीला वळसा पडायचा. त्यांनी माझ्या विहिरीच्या पट्टीतून भिंतीवर चढायला सुरुवात केली. आधी वरच्या विटा गेल्या, मग मधल्या. चौकीदार लिंपायचा, पोरं पाडायची.

माझा दत्तात्रेय म्हणाला, "आई, तू त्यांना पाणी पाजतेस, खाट टाकून देतेस. हे बरं दिसत नाही."

"विटा मी काढल्या का? तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही, असं तुझ्या कॉलेजात शिकवतात का?"

शेवटी केशवराव पुन्हा आले. गवतात उमटलेली पायवाट बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आईसाहेब, एवढी माणसं तर फाटकातूनही येत नाहीत. इथे दार काढतो, तुमच्या पट्टीतून जायची परवानगी द्या." मी जरा आढेवेढे घेतले आणि दिली.

आता सकाळी निम्मं कॉलेज माझ्या विहिरीवरून जातं. मी मात्र एकाच माणसाची वाट बघत होते. काल कॉलेजात जलसा होता. बकुळा बाजारातून थेट इकडे आली, टांगा सोडून, पायी. मला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार.

"किती सावली हो या वाटेला," ती म्हणाली. "आमच्या फाटकावर नुसती धूळ, वर टांगेवाल्यांची भांडणं."

"मग येत जा की इकडून. परक्यांनाही मी अडवत नाही."

ती हसली, पदर सावरून वाकली आणि दारातून पलीकडे गेली. तिथून वळून म्हणाली, "जाऊबाई, दार जरा बुटकं नाही झालं?"

रात्री मला जेवण गेलं नाही. आज सकाळी केशवरावांना निरोप पाठवला आहे की दार उंच करायचं, गवंडी माझे. आणि दत्तात्रेयाला दोरी देऊन तिच्या फाटकाची उंची मोजायला धाडलंय. तो कुरकुरत गेला आहे, पण गेला आहे.