चौदा सेकंदांचा फरक

पूर्वाची हळद चार वाजता लागणार होती, आणि भिवंडीत तीनला लाइट जायची. उन्नतीने घड्याळात पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

समोरच्या स्क्रीनवर कमळाआत्या गात होती. पहिली दोन कडवी बरी गेली. पुढे आवाज ओठांच्या पुढे पळायला लागला आणि शेवटी तर आत्याचं तोंड हलत होतं, गाणं मात्र संपलेलं.

कमळाआत्या शेलार गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन लग्नं लावणारी. आसपासच्या चार-पाच गावांत तीस वर्षं तिच्या आवाजाशिवाय कुणाला हळद लागली नव्हती. मग गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "माज्या पूर्वाचं लगीन दोन महिन्यांवर हाय. तिचं धवलं कोन गाईल?"

ऑपरेशन थांबणार नव्हतं. उन्नती भिवंडीत देवेशच्या स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी एडिट करायची. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तिने आत्याच्या घरातच कॅमेरा लावला. घरामागे कापडाचे लूम चालू होते. कॅमेऱ्यात त्यांचाच खडखडाट जास्त येणार, म्हणून तिने आत्याच्या मांडीवर सेलवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर ठेवला. चित्र कॅमेऱ्यात, आवाज कॅसेटमध्ये. नंतर जुळवू, ती म्हणाली होती. पण ऑपरेशननंतर ती कॅसेट लावायचा तिला धीरच झाला नाही. दोन महिने ती ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

आणि आज आत्या स्वतः येऊन शेजारी बसली होती. गळ्याला पांढरं फडकं, त्याखाली श्वासासाठी पाडलेलं भोक. घरात पाहुणे सोडून ती आली होती. आपण ऐकल्याशिवाय चार बायकांसमोर काही लावायचं नाही, हे तिने खुणांनी बजावलं होतं.

"प्रत्येक कडव्यानंतर थोडी गॅप टाक," देवेश मागून म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

उन्नतीने तसंच केलं. जिथे आत्या श्वास घेत होती तिथे आवाज तोडायचा, पुढचा तुकडा सरकवायचा. दोन वाजता शेवटचा तुकडा बसला. तिने पहिल्यापासून लावून दाखवलं. ओठ बऱ्यापैकी जुळले होते.

आत्याने टेबलावर हात आपटला. मान जोरात हलवली. आवाज न करता तिचे ओठ म्हणाले, न्हाय.

"आत्या, जुळलंय गो! बघ ना."

आत्याने कानाला हात लावला, मग गळ्याला. पुन्हा, न्हाय.

"ऑपरेशननंतर त्यांना आपलाच आवाज परका वाटत असेल," देवेश हळू बोलला. पण आत्याला ते ऐकू गेलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला.

"आता वेळ न्हाय, आत्या," उन्नतीचा आवाज चढला. "तासाभरात लाइट जाईल. हाच तुझा आवाज हाय. दुसरा कुटून आणू?"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली. आत्या मात्र रागावली नाही. तिने तळहात डोक्याच्या उंचीला धरला आणि सावकाश छातीपर्यंत खाली आणला. पुन्हा एकदा तसंच केलं.

"खाली आणू? म्हंजे... आवाज बारीक झालाय?"

आत्याने टेबलावर एकदा टकटक केली. होय.

उन्नतीने डोळे मिटून ऐकलं. खरंच, आत्या एखाद्या तरण्या पोरीसारखी गात होती. आणि मग तिच्या लक्षात आलं.

"देवेशदादा, सेल जुने होते! रेकॉर्डर तिथे हळू फिरला. आपण इथे कॅसेट चांगल्या डेकवर लावली, म्हणून सगळं जोरात पळतंय. आवाज बारीक त्यानेच झालाय आणि ओठ चुकतात तेपण त्यानेच."

त्या रविवारी धवल्याआधी आत्याने ताटात तांब्या ठेवला होता, आणि संपल्यावर पुन्हा एकदा. तो टण्ण आवाज लूमच्या गोंगाटातूनही कॅमेऱ्यात उतरला होता. कॅमेऱ्यात दोन्हींच्या मध्ये सहा मिनिटं बारा सेकंद. कॅसेटमध्ये पाच मिनिटं अठ्ठावन्न. फरक चौदा सेकंदांचा.

तिने टाकलेल्या सगळ्या गॅप काढून टाकल्या, अख्खा आवाज एकदाच तेवढा संथ केला, आणि पहिला टण्ण पहिल्यावर बसवला. शेवटचा आपोआप शेवटच्यावर बसला. मधला एकेक शब्द ओठांवर येऊन बसला. खोलीत आता तोच जाडसर, छातीतून निघणारा आवाज होता.

आत्याने टेबलावर एकदा टकटक केली. तिचा हात तिथेच राहिला.

दोन पंचवीसला रेंडर, म्हणजे चित्र आणि आवाजाची एक फाइल बनवणं, सुरू झालं. मशीन अर्धा तास मागत होतं. आणि दोन पन्नासला, दहा मिनिटं आधीच, पंखा थांबला. यूपीएस ओरडू लागला.

"किती राहिलं?" देवेशने विचारलं.

"बारा टक्के."

"यूपीएस सहा-सात मिनिटंच टिकतो. मॉनिटर बंद कर, तोच जास्त खातो."

उन्नतीने बटण दाबलं. आता काहीच दिसत नव्हतं. सीपीयूवर एक लाल ठिपका लुकलुकत होता, तो चालू आहे तोवर काम चालू. यूपीएसच्या शिट्ट्या लागोपाठ वाजू लागल्या. आत्याचा श्वास फडक्याखाली घरघरत होता. तिने उन्नतीचं मनगट घट्ट धरलं होतं.

ठिपका थांबला.

"झालं की अडकलं?" देवेशने विचारलं.

मॉनिटर लावल्याशिवाय कळणार नव्हतं. उन्नतीने लावला. फाइल पूर्ण झाली होती. तिने घाईघाईने मशीन बंद केलं आणि मिनिटभरात यूपीएसही मेला.

सीडी करायला लाइट नव्हती. मग तिने तारा उपसल्या आणि सीपीयूच उचलला. रिक्षात तो तिच्या आणि आत्याच्या मांडीवर होता. खड्डा आला की दोघी मिळून त्याला वर उचलून धरायच्या. देवेश तारा घेऊन मोटारसायकलवर मागे.

शेलारला मांडवात जनरेटर चालू होता. पाटावर बसलेली पूर्वा आईची वाट बघून रडकुंडीला आली होती. देवेशने टीव्हीला तार जोडली. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मुक्या धवलारणीच्या घरी काय होणार, हे कोणी विचारत नव्हतं.

तांब्या वाजला आणि कमळाआत्याचा आवाज मांडवात घुमला.

पूर्वाने टीव्हीकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत राहिली, आणि रडायची थांबली. आत्याने वाटीतली हळद बोटांवर घेतली. कोणत्या ओळीला कपाळ, कोणत्या ओळीला खांदे, हे तिला सांगावं लागत नव्हतं. ओळ आली की तिचा हात पुढे जात होता.

तिसऱ्या कडव्याला तिने वाटी उन्नतीपुढे धरली. उन्नतीनेही बोटं बुडवली.