मनोमिलनाचा हार

मनोमिलनाच्या मेळाव्यात मुरंबीच्या पुढाऱ्यांना मिळून जो एकच मोठा हार घातला, तो पुन्हा कुणाच्याच गळ्यातून निघाला नाही. झेंडूचा जाडजूड हार, मधे मधे गुलाब. फोटो झाले, टाळ्या झाल्या, मग सवयीने सगळ्यांनी तो डोक्यावरून काढायला हात घातला. हार डोक्यापर्यंत वर आला, जरा थांबला आणि परत खांद्यांवर येऊन बसला. दोन-तीनदा असं झाल्यावर पुढाऱ्यांनी नाद सोडला. चहा थंड होत होता. व्यासपीठाच्या पायऱ्या ते आडवे होऊन, एकमेकांची कंबर धरून उतरले.

मुरंबीत या गोष्टीचं फारसं कुणाला काही वाटलं नाही. एकी हवी होती, ती झाली होती.

हवी का होती, ते सांगायला हवं. नगराध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं हे पक्षाने यंदा पहिल्यांदाच आपल्या सभासदांना विचारलं होतं. दोन नावं होती, बळवंतअण्णा ढोणे आणि अनसूयाताई माळवदे. त्या महिन्याभरात गाव मधोमध उसवलं. सलूनमध्ये दोन रांगा लागल्या. लग्नात दोन पंगती उठल्या, आणि एका पंगतीची जिलेबी दुसरीने खाल्ली नाही. अण्णांना सोमवारच्या बाजाराच्या मैदानावर व्यापारी संकुल बांधायचं होतं. अनसूयाताईंचं भाषण एका ओळीचं होतं, "बाजार हलणार नाही." ते ऐकायला बायका पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या राहायच्या. पण मतं अण्णांना थोडी जास्त पडली.

"हरले ते हरले," अनसूयाताई म्हणाल्या होत्या. "अण्णांचा प्रचारही करीन. पण बाजार हलणार नाही, हे म्हणायचं सोडणार नाही."

मेळाव्याला त्या गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या आणि घरी मेथी निवडत बसल्या. त्यांचे यजमान श्रीपती, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, "नुसता बघून येतो" म्हणून गेले. दुपारी जेवायला आले ते सगळ्यांना घेऊनच. हाराच्या मागच्या बाजूला, तालुकाध्यक्ष आणि महिला आघाडी यांच्या मधोमध ते उभे होते. मंडळी दारातून आत येईनात, म्हणून अनसूयाताईंनी खिडकीतून ताट दिलं.

"अनसूयाताई, जरा ठेचा वाढा की," श्रीपती म्हणाले.

आवाज बळवंतअण्णांचा होता. जड, नाकातून येणारा, ओठाखाली तंबाखू धरून बोलल्यासारखा. आणि श्रीपतींनी आजवरच्या संसारात बायकोला 'अगं ए' यापलीकडे हाक मारली नव्हती.

"ताई? मी तुमची ताई कधीपासून झाले?"

"सगळ्यांच्याच ताई तुम्ही," श्रीपती म्हणाले. हारातल्या सगळ्यांचे ओठ त्यांच्याबरोबर हलले. घरभर अण्णांचा एकच आवाज भरला. "पक्षात आता दोन बोलणी नाहीत."

जेवले एकटे श्रीपती. ढेकर सगळ्यांनी दिली.

हार रोज वाढत होता. पुढाऱ्यांमागून कार्यकर्ते आत गेले, कार्यकर्त्यांमागून त्यांचे मेव्हणे, मग अनसूयाताईंनाच मत दिलेली माणसं. कुणी जबरदस्ती करत नव्हतं. माणूस बोलायला जवळ जायचा, मान जरा पुढे करायचा, आणि आत असायचा. फुलं कोमेजत नव्हती. गर्दी वाढली तशी सगळ्यांची पावलं एकदम पडू लागली, आणि नगरपालिकेसमोरच्या रस्त्याला मधोमध एक घळ पडली.

इस्माईलभाई बागवान मात्र बाहेर होते. बाजारात चिंचेखाली त्यांची फळांची गाडी. अनसूयाताईंच्या प्रचाराला पहिला नारळ त्यांनी फोडला होता.

"ताई, मी नाय जात," ते म्हणाले. "आत गेलो तर गिऱ्हाईकाला भाव कोण सांगंल? अण्णा? त्यांना केळ्याची फणी कळत नाय."

"जवळ जाऊ नका म्हणजे झालं."

"मी कशाला जातो! पण ते इकडं आले तर? गाडी घेऊन पळू का?"

सोमवारी हार बाजारातून गेला. कुणीतरी आतून डाळिंब मागितलं आणि इस्माईलभाईंनी ते द्यायला हात पुढे केला. अनसूयाताई भाजीची पिशवी घेऊन तिथे पोचल्या तेव्हा ते हाराच्या आत उभे होते, गाडी बाहेर होती, आणि हारावरून वाकून ते तराजू धरत होते.

"बाजार हलला पाहिजे, ताई," इस्माईलभाई अण्णांच्या आवाजात म्हणाले. "विकास पाहिजे."

बोलताना त्यांचे हात डाळिंबं निवडत होते, डागाळलेलं बाजूला काढत होते, पारड्यात एक वरचं टाकत होते. तोंड काय बोलतंय ते हातांच्या कानावर गेलं नव्हतं.

तेवढ्यात हाराच्या पार पुढच्या टोकाला अण्णांना तंबाखूचा ठसका लागला. सगळा हार खोकला. खोकून झाल्यावर अण्णा श्वास घ्यायला थांबले, आणि त्या फटीतून इस्माईलभाईंचा स्वतःचा आवाज बाहेर पडला, "ताई, गुडघा कसा हाय?" लगेच अण्णा बोलू लागले आणि इस्माईलभाई पुन्हा विकासावर आले.

अनसूयाताई घरी आल्या. म्हणजे आवाज गेलेले नाहीत, त्यांच्या मनात आलं. ते आत रांगेत उभे आहेत.

त्या आठवड्यात हार त्यांच्या गल्लीभोवती आला. मग घराभोवती. पुढच्या दारात उंबऱ्याला लागून झेंडू, मागच्या दारात झेंडू. तो ओलांडून जायची सोय नव्हती, कारण पाय उचलला की हारही तितकाच उचलला जायचा. गावातलं एकेक माणूस आत जात होतं तसं घर आवळत होतं. आधी पडवी गेली. मग स्वयंपाकघर आणि देवघर इतकी जवळ आली की ओट्याशी उभं राहून निरांजन लावता येई. कपाटाचं दार उघडेना. अनसूयाताईंनी पलंग उभा केला, खुर्च्या माळ्यावर टाकल्या आणि राहिलेल्या जागेत बसून त्या रोज सकाळी मोठ्याने म्हणत, "बाजार हलणार नाही." ऐकायला कुणी नव्हतं. आवाज आपला आहे ना, एवढं त्या बघून घेत.

मग एका सकाळी मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले. सरनोबत त्यांचं नाव. हारावरून ते सहज आत आले, निरीक्षकांना ती मुभा असते. बसायला जागा नव्हती म्हणून भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले.

"घर छान आहे, ताई. आटोपशीर."

"मागच्या पंधरवड्यात मोठं होतं."

"होतं असं. एकी करायची म्हणजे जागा लागते." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. कोपर भिंतीला लागत होतं. "जरा अडचण झालीय. काल अण्णांचं नाव ठरावात मांडलं. सूचना झाली. मी म्हटलं, अनुमोदन? तर अनुमोदनही अण्णांच्याच आवाजात आलं."

"मग?"

"चालत नाही ना. सुचवणारा एक आणि अनुमोदन देणारा दुसरा लागतो. मी गावातल्या एकेकाला उभं केलं. शाळेतली पोरं, नव्वदीची म्हातारी, तुमचे यजमानसुद्धा. सगळे अण्णा. इतकी छान एकी मी कुठल्या जिल्ह्यात पाहिली नाही. पण दुसरा आवाजच शिल्लक नाही."

"माझा आहे."

"म्हणून तर आलो. 'माझं अनुमोदन आहे.' तीन शब्द. तुमच्याच आवाजात. त्यानंतर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

"कधीच?"

"सोयीचं पडतं ते, ताई. आतले सगळे तसंच सांगतात."

"ठरावात नुसतं नाव आहे?"

सरनोबतांनी चष्मा चढवला. "नाव आहे. आणि खाली बाजार हलवायचं आहे."

"दोन्ही एकाच ठरावात?"

"एकी आहे ना!"

सरनोबत जरा पुढे झुकले, म्हणजे त्यांचं नाक अनसूयाताईंच्या कपाळाशी आलं. "रागावू नका, पण एक सांगतो. समोरच्या पक्षाचा हार आपल्यापेक्षा लांब आहे. पुलापलीकडे आलाय तो. ते आले तर बाजार विकतीलच, वर तालमीची जागाही विकतील. मग कुणासाठी भांडलात?"

हे खरं होतं. अनसूयाताईंनी ते आपल्याशीही कबूल केलेलं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून या पक्षासाठी त्यांनी भिंती रंगवल्या होत्या, पोलिसांच्या गाडीत बसल्या होत्या, हरलेल्या निवडणुकांनंतर सतरंज्या झटकल्या होत्या. पक्ष सोडायचा विचार त्यांना कधी शिवला नाही. पक्ष अण्णांचा असेल, पण त्यांचाही होता. पण अण्णांचं नाव घ्यायचं म्हणजे इस्माईलभाईंची गाडी आपल्या हाताने उलटवायची, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"मी बोलेपर्यंत अण्णा गप्प बसतील?"

"बसावंच लागेल. अनुमोदनाच्या वेळी सुचवणाऱ्याने बोलायचं नसतं."

"माझं बोलणं संपेपर्यंत?"

"तीन शब्दांचं तर आहे."

"मग चला," अनसूयाताई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि आडव्या होऊन दारातून बाहेर पडल्या. मागे घराच्या दोन भिंती हलकेच एकमेकींना टेकल्या.

बाजाराच्या मैदानात सगळी मुरंबी उभी होती. एकमेकांचे हात धरून सगळ्यांनी ते वर केलेले होते. फोटोसाठी करतात तसे, पण फोटो काढणारे कॅमेरे गळ्यात अडकवून तेही आतच होते. अनसूयाताईंवरून हार गेला. ओला आणि जड, ओळखीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवावा तसा. डावीकडे इस्माईलभाई आले, उजवीकडे श्रीपती. श्रीपतींनी त्यांचा हात धरून वर उचलला. अनसूयाताईंनी तो सोडवून घेतला आणि कमरेवर ठेवला.

"ताई, हात," श्रीपती अण्णांच्या आवाजात म्हणाले.

"हात राहू दे. तुम्ही गप्प बसायचंय आता."

अण्णा व्यासपीठावर होते. त्यांनी ठराव मांडला आणि मैदानातल्या प्रत्येक तोंडाने तो मांडला. मग सरनोबत ध्वनिक्षेपकाशी आले. "अनुमोदन?"

अण्णांनी तोंड मिटलं. सगळ्या गावाने तोंड मिटलं. चिंचेवरच्या चिमण्या ऐकू आल्या, स्टँडवर एसटी मागे घेताना वाजलेली शिट्टी ऐकू आली. अनसूयाताईंनी श्वास घेतला, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या मैदानाची छाती वर आली.

"माझं," त्या म्हणाल्या.

"माझं," मैदान म्हणालं. आवाज त्यांचा होता. बारीक, शेवटी किंचित कापणारा. शाळेतली पोरं त्या आवाजात म्हणाली, नव्वदीची म्हातारी म्हणाली. व्यासपीठावर बळवंतअण्णांचे ओठ हलले आणि त्यांच्या मिशीखालून अनसूयाताईंचा आवाज आला.

"माझं अनुमोदन," त्या म्हणाल्या. सरनोबतांनी मान डोलावली. "बळवंतअण्णांच्या नावाला आहे, आणि बाजार हलवायला नाही..."

अण्णांनी तोंडावर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात वर होते, दोन्ही बाजूंनी धरलेले, ते खाली येईनात. त्यांचे डोळे मोठे झाले आणि त्यांचं तोंड गावाबरोबर स्वच्छ म्हणालं, "बाजार हलवायला नाही."

"ताई, संपवा," सरनोबत म्हणाले. "वाक्य संपवा, म्हणजे मला नोंद करता येईल."

वाक्य संपलं की अण्णा सुरू होणार होते. अनसूयाताईंनी ते संपवलं नाही. "कारण इथे चिंचेखाली इस्माईलभाई बसतात," त्या म्हणाल्या, आणि इस्माईलभाईंनी आपलं नाव घेतलं, "त्यांच्या शेजारी वाळल्या मासळीच्या बाया बसतात, त्यांच्यापुढे मिरचीवाले, त्यांच्यापुढे घोंगड्या घेऊन आलेले सनगर, आणि पत्र्याच्या शेडच्या कडेला कुंभाराची शेवंता..." ज्याचं नाव येई तो ते स्वतःच्या तोंडाने घेई. हार बरगड्यांवर आवळला आणि नावागणिक एकेक फूल आत ओढून घेऊ लागला. श्रीपतींचा चेहरा लाल झाला, सरनोबतांचा चष्मा धुकटला, पोरं टाचांवर उंच झाली. सगळ्यांच्यात मिळून एकच श्वास होता आणि तो तळाला आला होता. अण्णा समोर टक लावून तो संपायची वाट पाहत होते, त्यांचं तोंड सगळ्यांसारखंच उघडं होतं, आणि अनसूयाताई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "आणि..."