चि. सौ. कां.

मात्रा हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती सदा बापाच्या खांद्यावर बसलेली असायची आणि बाप पडला छापखानेवाला. तो म्हणायचा, "अक्षर खाली, मात्रा वर." नाव चिकटलं ते चिकटलंच. परदेशात जाऊन चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी धरली, तिशी उलटली, तरी घरच्यांना ती मात्राच. आता या मात्रेला तिथल्याच एका माणसाशी लग्न करायचं होतं, आणि तिथल्या लग्नकचेरीपुढे कुणाचीच मात्रा चालत नव्हती.

माणूस चांगला होता हो. लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लोकांना बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम, आणि आपली होणारी बायको मात्र त्याला काही केल्या बाहेर काढता येईना. तिच्या देशात जाऊन लग्न उरकावं, तर त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून जाणार कसा? आणि मात्राचा राहण्याचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. त्याआधी लग्न नोंदलं गेलं तर ती राहणार. नाही तर सामान बांधा आणि चालू लागा. एकदा गेलं की पुन्हा नवा अर्ज, आणि नव्या अर्जाच्या रांगेत माणसाचे केस पांढरे व्हायचे.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. पण इथे सहा महिने थांबलं की कागदच शिळा व्हायचा! जन्मदाखला आणला, त्याचं भाषांतर केलं, भाषांतरावर शिक्का घेतला, तो शिक्का खरा आहे असा आणखी एक शिक्का घेतला, तोवर जन्मदाखल्याची मुदत संपली. म्हणजे बाई जन्मली होती, पण आता तिचं जन्मणं जुनं झालं होतं. एक फळ पिकेपर्यंत दुसरं सडावं तसला प्रकार. शेवटी लिफ्टवाल्याने एक दिवस सगळे कागद जमिनीवर मांडले, त्यांच्यामधे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अडकलेल्या माणसांना मी सांगतो, दार ओढू नका, बटण दाबा आणि शांत बसा. इथे बटणच दिसत नाही ग."

कचेरी तळघरात होती. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, खिडकी एकच आणि तीही काचेची, जिच्यापलीकडे नोंदणीवाल्या बाई बसायच्या. दाराला आतून कडी नव्हती. बाहेर पडायचं तर शिपायाने बटण दाबायला हवं, आणि शिपाई बहुतेक चहाला गेलेला. मात्रा तिथे बसली की तिला घुसमटायला व्हायचं. आपण गुन्हा काय केला, असं ती स्वतःलाच विचारायची.

सगळे कागद जमले, एक सोडून. मुलगी अविवाहित असल्याचा दाखला. आता तिच्या गावच्या कचेरीत लग्न झाल्याची नोंद असते, न झाल्याची कोण ठेवणार? मग बाई म्हणाल्या, वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणा. घोडं नेमकं तिथेच पेंड खाणार, हे मात्राला ठाऊक होतं.

कारण वडील तिच्याशी बोलत नव्हते. दोन वर्षं.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या पोरींच्या लग्नपत्रिका छापल्या. प्रत्येक नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' ही अक्षरं स्वतः जुळवायची, हा त्यांचा नेम. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. कामगारांना ते त्या अक्षरांना हात लावू देत नसत. चूक तर त्यांना खपतच नसे. प्रूफ तपासताना लाल शाईने खोडाखोड चालायची आणि मात्रा खांद्यावरून बघायची. कधी एखादा शब्द खोडून झाल्यावर त्यांचं मन पालटायचं. मग ते त्या खोडलेल्या शब्दाखाली बारीक टिंबं देत. "म्हणजे काय, बाबा?" "म्हणजे खोडलं ते खोडलं नाही. आहे तसंच राहू दे." अशा माणसाने, लिफ्टवाल्याचं कळलं तेव्हा, फोनवर एवढंच म्हटलं होतं, "जगाच्या पोरींच्या पत्रिका छापल्या. तुझी छापणार नाही." आणि फोन ठेवला होता.

मधे पडली ती वहिनी. तिने सासऱ्यांपुढे प्रतिज्ञापत्राचा छापील कागद ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, आशीर्वाद नका देऊ. खरं तेवढं लिहा. तिचं लग्न झालेलं नाही, हे खरं ना?" म्हातारा उठला. कचेरीत गेला, शपथ घेतली, मुलीच्या नावाची रिकामी जागा आपल्या हाताने भरून आला.

पाकीट मात्राने दुकानातच फोडलं. 'माझी कन्या,' इथवर छापील. पुढे बाबांचं ते ताठ, रेखीव अक्षर: 'चि. सौ. कां.', आणि मग तिचं पूर्ण नाव.

काच घासायचं यंत्र चालू ठेवून ती ढसाढसा रडली. यंत्राचा आवाज मोठा, म्हणून बरं. छापणार नाही म्हणाले होते. हाताने लिहिलं!

आणि त्याच तीन अक्षरांनी तिचा गळा धरला.

शपथ घेतलेला भाषांतरकार त्या शहरात एकच होता. आईबाप आपल्याकडचे, पण हा जन्मला वाढला तिथेच. भाषा शिकला ती कोशातून. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: 'चि.' म्हणजे लहान मुलांच्या नावाआधी लावतात ते, 'सौ.' म्हणजे विवाहित स्त्री, 'कां.' अर्थ अज्ञात. झालं! नोंदणीवाल्या बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून मात्राकडे बघितलं.

"तुमचं लहानपणी लग्न झालंय?"

"नाही हो! तो आशीर्वाद आहे. लग्न ठरलेल्या मुलीला लावतात."

"इथे 'विवाहित' लिहिलंय. त्याच ओळीत पुढे 'अविवाहित' लिहिलंय. तुमचे वडील नक्की काय म्हणतात?"

मात्रा भाषांतरकाराकडे धावली. तो बिचारा ओशाळला, त्याने दुसरं भाषांतर करून दिलं: 'सौभाग्याची इच्छा धरणारी'. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "एकाच माणसाने एकाच शब्दाचे दोन अर्थ शपथेवर दिलेत. यातला खोटा कोणता?" इकडे आड, तिकडे विहीर. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनीच वाट सांगितली: कागद परत पाठवा. लिहिणाऱ्याने ती अक्षरं स्वतः खोडावीत, शेजारी 'चुकून लिहिली' असं लिहून सही करावी. मग हरकत नाही.

त्या रात्री मात्राला जेवण गेलं नाही. लिफ्टवाला म्हणाला, "तीनच अक्षरं आहेत ना? सांग की त्यांना." तो चांगलाच होता, पण त्याला कसं समजवायचं? दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि आता बापाला म्हणायचं, हे चुकून दिलं असं लिहून द्या. तेही अशा बापाला, ज्याने उभ्या जन्मात स्वतःची चूक कबूल केली नव्हती.

सकाळी तिने फोन लावला. वहिनीने उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

"बाबा, मी."

"हं."

तिने सगळं सांगितलं. एका दमात, मधे थांबली असती तर रडली असती.

"चूक नाही ती," बाबा म्हणाले.

"मला माहीत आहे, बाबा."

"मी विचार करून लिहिलंय."

"हो, बाबा. पण त्यांना चूकच हवी आहे. नाही तर मला इथून जावं लागेल."

फोन बंद झाला. कागद त्याच दिवशी कुरिअरने गेला. मग नुसती वाट. वहिनीला विचारलं तर म्हणे, "कागद समोर घेऊन बसलेत. जेवायलाही उठत नाहीत. मी काय करू ग?" मात्राने निम्मं सामान बांधलं. लिफ्टवाला ते रोज संध्याकाळी सोडून ठेवायचा.

पाकीट आलं ते परवाना संपायच्या आदल्या दिवशी. वेळ इतकी थोडी की ते न फोडताच तिने भाषांतरकाराकडे नेलं, त्याने भाषांतर करून शिक्का मारून दिला, आणि ती व लिफ्टवाला पळत तळघरात पोचले. खिडकीपुढे उभं राहून तिने पहिल्यांदा कागद नीट बघितला. 'चि. सौ. कां.' वरून लाल शाईची एक सरळ रेघ. शेजारी 'चुकून लिहिली', खाली सही. सगळं मागितलं तसं.

आणि खोडलेल्या अक्षरांखाली बारीक बारीक टिंबं.

बाबा, अहो, हे काय करून ठेवलंत!

भाषांतरकार पुन्हा प्रामाणिक. त्याने तळटीप दिली होती: 'खोडलेल्या अक्षरांखाली ठिपके आहेत.' बाईंनी बोट नेमकं तिथे ठेवलं. "हे काय?"

लिफ्टवाला मात्राकडे बघत होता. मागे दाराला कडी नव्हती. खरं सांगावं, तर खोडलेलं खोडलं नाही, आणि उद्या विमानात.

"काही नाही," मात्रा म्हणाली. "म्हातारे आहेत. हात थरथरतो त्यांचा. पेन टेकलं असेल."

बाईंनी क्षणभर कागद उजेडाला धरला. मग शिक्का उचलला.

लग्न तिथेच, त्याच खिडकीपुढे लागलं. दोन सह्या आणि एक पावती. शिपाई जागेवर होता, त्याने बटण दाबलं. रस्त्यावर आल्यावर लिफ्टवाला तिला घट्ट धरून हसत होता, रडत होता. ती म्हणाली, "थांब जरा," आणि फोन लावला.

"झालं, बाबा."

"हं. टिंबं दिसली?"

"दिसली." तिचा आवाज फुटला. "बाबा, त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले. म्हणाले, वडिलांचा हात थरथरतो."



"थरथरतच होता ग," बाबा म्हणाले.