बर्नडीनच्या नावावरची कार्डं

बँकेचं नकाराचं पत्र बर्नडीननं तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायच्या आधी चष्मा पुसला. 'गेल्या दोन वर्षांत आपण फार नवी क्रेडिट कार्डं घेतली आहेत.' नवी कार्डं म्हणे! एकाहत्तर वर्षांत तिच्याकडे एकच कार्ड, पेट्रोल भरायचं, तेही नवरा गेल्यावर तिच्या नावावर झालेलं. टोलेडो गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिनं पोरांना रांधून वाढलं, पण कुणापुढे हात म्हणून पसरला नाही.

आता नाकारलेलं हे कार्ड तिला बहिणीसाठी हवं होतं. जेनेव्हीव पार तिकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला टूसॉनला, आणि तिची नजर चालली होती. नाताळापर्यंत माणूस ओळखू येईल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. "बर्नी, तुझं थोबाड एकदा बघू दे, मग खुशाल अंधार होऊ दे," असं ती फोनवर म्हणाली होती. तेवढ्यात टपालानं जाहिरात आली: कार्ड घ्या, तीन महिने त्यावर खरेदी करा, पॉइंट साठतील, विमानाचं तिकीट फुकट. बर्नडीननं अर्ज हातानं भरून टपालानंच धाडला. ऑगस्ट होता, हिशोबात बसत होतं.

पत्राखालच्या नंबरावर तिनं फोन लावला. ओडेट नावाची मुलगी बोलत होती.

"मॅडम, तुमच्या नावावर सहा कार्डं दिसतात."

"तुझा चष्मा बदल, पोरी."

"आमचं हेच कार्ड तुम्ही गेल्या वर्षी घेतलंत. पॉइंटही मिळाले. त्यातून डेट्रॉइट ते हवाई दोन तिकिटं काढलीत, फेब्रुवारीची."

फेब्रुवारीत रँडी, तिचा एकुलता एक लेक रँडॉल्फ, बायको क्रिस्टाला घेऊन हवाईला गेला होता. येताना आईला बदामांचा डबा आणला होता, आणि तिनं तो चर्चच्या हॉलमध्ये पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, लाटणाऱ्या बायकांत मिरवत वाटला होता. त्याच्या आदल्या वर्षी तो तिच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. "आई, तुझा सरकारी नंबर, जन्मतारीख सगळं दे, टॅक्सचं मी बघतो." सगळी पत्रं त्याच्या ईमेलवर जात असणार. हिला कसं कळावं?

"ही कार्डं तुम्ही उघडली नसतील तर सांगा," ओडेट म्हणाली. "चौकशी बसेल, पोलिसांत कागद द्यावा लागेल, पण तुमचं नाव साफ होईल."

बर्नडीनला त्या लाटणाऱ्या बायका दिसल्या. लाटणी थांबवून कान टवकारलेल्या.

"मीच घेतली," ती म्हणाली. "हवाईला मीच गेले होते. ऊन फार होतं."

"मग नकार कायम राहील, मॅडम."

"राहू दे."

तिनं लगेच लेकाला फोन लावला.

"आई, तुझा एक सेंट गेलाय का? सगळी बिलं मी वेळेवर भरतो. सगळेच करतात, कुणी बायकोच्या नावावर, कुणी आईच्या. तुझं नाव नुसतं पडून होतं!"

"पडून होतं?"

"म्हणजे वापरात नव्हतं गं."

"बरं. मग मला टूसॉनचं तिकीट काढून दे."

पलीकडे घसा खाकरला. "सगळे पॉइंट क्रिस्टाच्या बहिणीच्या लग्नाला गुंतवलेत. एप्रिलमध्ये बघू."

"एप्रिलमध्ये जेनेव्हीवला काय दिसणार आहे?"

"अगं, तुझा आवाज तर ऐकू येईल ना मावशीला!"

बर्नडीननं फोन ठेवला. मग पत्रावरचा तोच नंबर पुन्हा फिरवला. या वेळी कुणी पुरुष होता.

"मघाशी मी ओडेटशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी हवाई कधी बघितलं नाही. ती कार्डं माझी नव्हेत. चौकशी लावा."

"लावतो, मॅडम. पण तीन महिने जातील. नवं कार्ड त्यानंतरच, तेही मिळालं तर. तिकिटासाठी असेल तर नाताळाआधी..."

"तिकिटाचं तुम्ही नका बघू. बस जाते तिकडे. दोन दिवस बसेन कंबर मोडत."

"ठीक आहे. कुणावर संशय आहे?"

"संशय नाही, खात्री आहे. रँडॉल्फ. लिहिलंत? आडनाव माझंच."