एक पाय काळा, एक पाय निळा

मित्रांनो, मी एक जुना, साठ वॉटचा पिवळा बल्ब आहे. सध्या खिडकीच्या कट्ट्यावर, रिकाम्या रिळांच्या डब्याशेजारी पडून आहे. माझी तार अजून शाबूत आहे, पण मला कोणी विचारत नाही. विचारावे असे मी काही केलेलेही नाही.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक तार बसवली आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दुकानात धाडले. तिथे माझ्या शेजारी एलईडी दिवा होता. त्याची किंमत ऐकूनच गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या पडत. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने आम्हा दोघांना हातात घेऊन पाहिले आणि "हा आपला स्वस्तातला बरा" म्हणून मला उचलले. काय ऐट वाटली होती तेव्हा मला!

मी तिच्या मशीनवर लटकू लागलो. तिची शिलाई इतकी सरळ, की कपड्यांच्या दुकानाचे मालक गठ्ठेच्या गठ्ठे घरी पाठवत. त्यावरच मायलेकींची चूल पेटायची. पण मी पडलो खादाड. मी एका तासात जेवढी वीज फस्त करायचो, तेवढ्यात त्या एलईडीने सहा तास उजेड दिला असता. माझे बहुतेक खाणे तर नुसते तापण्यातच जायचे. बिल आले की बाईचा चेहरा उतरायचा. मग तिने काटकसर सुरू केली, म्हणजे मलाच बंद ठेवायला लागली. दिवस मावळला तरी खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात ती मशीन चालवायची.

"आई, दिवा लाव ना," लेक म्हणायची.

"हात सरावलेत गं माझे. डोळे मिटूनही शिवेन. उगाच कशाला मीटर पळवायचा?"

एकदा हॉटेलातल्या वाढप्यांच्या पँटी शिवायला आल्या. निम्म्या काळ्या, निम्म्या गडद निळ्या. त्या अंधुक उजेडात बेतलेल्या कापडाचे दोन्ही गठ्ठे एकमेकांत मिसळले, आणि बाई शिवत राहिली. सकाळी मालकांनी एक पँट उलगडून उन्हात धरली. एक पाय काळा, एक पाय निळा. तशा कितीतरी निघाल्या.

मालकांना आधी हसू आले, मग त्यांनी पँटीची घडी घालून ती बाजूला ठेवली. "ताई, कापडाचं नुकसान मी सोसतो. पण यापुढे काम नाही देता येणार. माझं गिऱ्हाईक तुटलं."

मी तिच्या डोक्यावरच होतो, धडधाकट आणि विझलेला. याचे दुःख मला कुणाला सांगता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात लेकीने मला काढून एलईडी लावला. खोली लख्ख झाली. पण ही गोष्ट गावभर झाली होती, कुणी बाईला काम देईना. मशीनवर जुनी चादर पडली.

मित्रांनो, दिवा घेताना नुसती दुकानातली किंमत पाहू नका. तो रोज किती खाणार, तेही विचारा. आणि घरात कुणाचे हात कामात असतील, तर उजेडात काटकसर करू नका. माझ्यामुळे एका घराचे काय झाले, ते मी रोज पाहतो आहे.

काल बाई दिवा मालवायला उठली, तेव्हा लेक म्हणाली, "राहू दे गं चालू. बिल फारसं येत नाही याचं."

बाईने चादरीखालच्या मशीनकडे पाहिले. "काय बघायचंय आता?" म्हणाली, आणि बटण बंद केले.