पेटी घरात होती तोवर

रायप्पाचा आवाज रेल्वेचा होता. सोलापूरच्या यार्डात शंटिंग जमादार म्हणून डब्याला डबा जोडताना जन्मभर जो आवाज त्यानं कमावला, तो रिटायर होताना कंदील आणि शिट्टीबरोबर जमा करायचा राहून गेला. घर दोन खोल्यांचं, बायको एक, आणि आवाज अख्ख्या यार्डाचा. त्याच्या चहात साखर कमी पडली, की शेजारची गंगम्मा आपल्या घरात साखरेचा डबा शोधायला लागायची.

स्वतःचा हा दोष रायप्पाला चांगला ठाऊक होता. ‘माझं मन साफ हाय, तोंड तेवढं वाईट,’ असं तो सांगायचा, आणि इतक्यांदा सांगायचा की बायबलातल्या दहा आज्ञांत हीही एक असावी असं त्यालाच वाटायला लागलं होतं.

दुष्काळाचं, त्र्याहत्तर सालचं ते वर्ष. नळाला कसंबसं आलेलं पाणी त्याच्या बायकोनं, आरोगम्मानं, घागरीत भरून ठेवलं होतं. रायप्पाचा पाय लागून घागर लवंडली आणि ओरडा आरोगम्माला बसला. तिनं खाटेखालची ट्रंक ओढली आणि तीत लुगडी ठेवायला लागली.

“सांगोल्याला लेकीकडं चालले,” ती म्हणाली. लेक तिथं दवाखान्यात नर्स होती. “ह्या येळी परत यायची न्हाय.”

“जा की! तितं तर प्यायला बी टँकर लागतोय,” रायप्पा हसून म्हणाला. पण हसू अर्ध्यात विरलं. याआधी ती रडतरडत ट्रंक भरायची आणि संध्याकाळी परत रिकामी करायची. आज ती रडत नव्हती.

नेमके त्याच वेळी चर्चचे फादर दारात आले. मागं दोन माणसं आणि त्यांच्या हातात चर्चच्या वेदीवरची पितळी पेटी.

चर्चच्या तुळयांना वाळवी लागली होती. छप्पर उतरवायचं म्हणजे महिना-दोन महिने सुतार-गवंड्यांचा राबता. “तोवर पेटी तुमच्याकडे राहू द्या,” फादर म्हणाले. दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देताना रायप्पा जी पेटी लांबून दाखवायचा, तीच ही. जागा विटांनी पवित्र होत नाही, या पेटीत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेच्या उपासनेतली पवित्र भाकर, असतं आणि शेजारी लाल दिवा तेवतो म्हणून होते, हे तो मुलांच्या कानठळ्या बसतील असं शिकवायचा. आणि आता ती आपल्या घरात! सगळ्या ख्रिस्ती घरांतून फादरांनी नेमकं आपलं निवडलं! छाती अशी फुगली की आत काय आहे हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. विचारायचं काय त्यात? उत्तर तर तो स्वतःच शिकवत होता.

आरोगम्मानं ट्रंक खाटेखाली सारली. “देवाला ह्यांच्या भरवशावर टाकून कशी जाऊ?” ती गंगम्माला म्हणाली.

रायप्पानं बाजारातून लाल काच आणून दिवा लावला आणि घरात स्वतःचेच हाल सुरू केले. शिंक आली की तो पळत रस्त्यावर जायचा. विडी कोपऱ्याच्या पलीकडं. स्वयंपाकघरात जायचं तर पेटीसमोर गुडघा टेकल्याशिवाय नाही, आणि गुडघे असे करकरायचे की देवानंच ‘असू दे’ म्हणावं. ओरडणं तर बंदच. पाणी हवं असेल तर उठून आरोगम्माच्या जवळ जावं लागे आणि हळूच सांगावं लागे.

इतक्या जवळ तो कधी गेलाच नव्हता. संसारभर त्यानं तिला लांबून हाका मारल्या होत्या. तिच्या मनगटावर तव्याचा जुना डाग आहे, बोलण्याआधी ती थोडी थांबते, हे त्याला आता दिसलं. पाणी मागायला म्हणून जायचा आणि तिथंच बसून राहायचा. त्याला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करायची मात्र लाज वाटायची.

गंगम्मा एकदा कौतुकानं म्हणाली, “देव घरात हाय म्हणून हळू बोलताय व्हय? आमच्या मालकांच्या तर गळ्यातच लिंग हाय की! तरी उठल्यापासनं वरडतात.”

“त्येला मुळात भक्ती लागती,” रायप्पा कुजबुजला. हे बोलताना आपण किती पोचलेले दिसत असू, हेही त्यानं मनात बघून घेतलं.

छप्पर झालं. फादर पेटी न्यायला आले. फडकं मारून घ्यावं म्हणून त्यांनी किल्ली लावून दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

“फादर, आतलं...?”

“ते पहिल्याच दिवशी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये नेलं की. असं कुणाच्या घरात कसं ठेवणार? तुम्ही तर शिकवता हे.” फादरांनी दिव्याकडं पाहिलं. “हा कशाला लावलाय?”

“उजेडाला,” रायप्पा म्हणाला.

फादर गेले. रायप्पा मटकन खाटेवर बसला. म्हणजे गुडघे कुणापुढं झिजवले? शिंकायला रस्त्यावर कुणासाठी पळालो? यार्डातल्या रिकाम्या मालडब्याला त्यानं कधी सलाम केला नव्हता. त्याला स्वतःचंच हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात आरोगम्माचा चेहरा त्याला दिसला. ती जराही चकित झालेली नव्हती.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय. कॉन्व्हेंटात मिस्सेला गेले तवाच सिस्टर म्हणाल्या.”

“आन् मला सांगितलं न्हाईस!”

सगळं यार्ड त्या आवाजात परत आलं. शेजारी गंगम्माच्या हातनं भांडं पडलं.

“तुमी हळू बोलत हुता,” आरोगम्मा म्हणाली. “म्हणून न्हाय सांगितलं. लई बरं वाटत हुतं मला.” आणि तिनं वाकून ट्रंक ओढली.

रायप्पा अनवाणीच पळत सुटला. फादरांना त्यानं रस्त्यात गाठलं.

“फादर, पेटी अजून थोडे दिवस राहू द्या की.”

“रायप्पा, ती रिकामी आहे.”

“मला रिकामीच पायजे.”

“उद्या मिस्सा आहे,” फादर म्हणाले आणि त्याच्याकडं नवलानं बघत पुढं गेले.

तो परतला तेव्हा आरोगम्मा उंबऱ्याच्या आत ट्रंकेवर बसली होती. वहाणा घातलेल्या होत्या. रायप्पा पायरीखालीच उभा राहिला. तिच्याशिवाय हे घर कसलं, हे त्याला एवढं स्वच्छ कळलं की डोळे भरून आले.

“जाऊ नको,” तो कुजबुजला.

“पेटी तर गेली. आता कुणाला भिऊन हळू बोलताय?”

एवढं धर्मशिक्षण दिलेलं, पण त्यात याचं उत्तर नव्हतं.

“तुला,” तो म्हणाला.

आरोगम्मानं वहाणा काढल्या.

“ऐकू न्हाय आलं,” ती म्हणाली. “हितं येऊन सांगा.”